चतुराचा नारंगी टोमॅटो

चतुरानं स्कूटी लिंबाखाली लावली तेव्हा बानाबाई जाळीच्या दाराशी उभी होती. एरवी या वेळेला ती आत कामाला लागलेली असायची. आज तिच्या हातात ना चिमटा होता, ना पाण्याची बाटली.

"ताई, गाडी राहू द्या तशीच. आधी आत या. शेंडे वळलेत."

चतुरानं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

दौलताबादच्या किल्ल्याखाली, वेरूळ रस्त्यापासून जरा आत, तात्यासाहेबांच्या लहानशा बियाणे कंपनीचं शेत होतं. बारीक जाळीनं झाकलेली चार घरं. तीन घरांत कंपनीच्या लाल टोमॅटोचं संकरित बी तयार व्हायचं. आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया हंगामभर तिथं बसून एकेक फूल चिमट्यानं उघडायच्या आणि त्याला दुसऱ्या झाडाचे परागकण लावायच्या. चौथं घर कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून. ते चतुराचं. कंपनीत ती नवीन वाण तयार करायचं काम करायची. लाल टोमॅटोचं काम पगाराचं, आणि या कोपऱ्यातलं काम तात्यासाहेबांनी तिच्या हट्टापायी चालू दिलेलं.

आत शिरल्यावर तिला काही सांगावं लागलं नाही. टाकीकडच्या ओळीतल्या रोपांचे शेंडे वाटीसारखे आत वळले होते, पानं आखडून पिवळी पडली होती. तिनं एक फांदी हलवली. पानांच्या खालून पांढऱ्या माशा उडाल्या, राखेचे कण उडावेत तशा, आणि पुन्हा बसल्या.

"बोकड्या," बानाबाई हळूच म्हणाली.

शेतकरी या रोगाला बोकड्या म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. एकदा झाडाला लागला की औषध नाही. झाड उपटायचं, एवढंच हातात असतं.

पण माशी आत आली कुठून? दोघी जाळी तपासत निघाल्या. टाकीच्या मागं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जाळी वीतभर फाटलेली सापडली. फाटलेल्या कडांवर धूळ साचली होती. म्हणजे कालपरवाचं काम नव्हतं. टाकीमागं कुणी जात नसे. चतुराही गेली नव्हती.

*

चतुरा देवगाव रंगारीची. वडिलांचं नाव कारभारी, शेतकरी माणूस, कोरडवाहू जमीन आणि एक विहीर. आई सारजाबाई. चतुरा तिसरीत असताना सारजाबाईला दिवस गेले होते, आणि तेव्हाच तिला रातांधळं झालं. दिवस मावळला की तिला दिसेनासं व्हायचं. भिंत चाचपत ती चुलीपाशी जायची, भाकरी हातानं चाचपून उलटायची. घरात कुणाला वाटलं नाही की हे दवाखान्यात सांगायचं दुखणं आहे. सासू म्हणायची, "पोटुशीला व्हतंच तसं. बाळंतपणानंतर जातं."

एका तिन्हीसांजेला सारजाबाई उकळत्या दुधाचं पातेलं उतरवायला गेली आणि तिचा अंदाज चुकला. दूध मांडीवर सांडलं. भाजलेल्या बाईला बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईनं भाजलेलं बघता बघता डोळ्यांचंही विचारलं. औषध दिलं. शेवगा, पपई, गाजर, हिरवी भाजी खायला सांगितली. काही आठवड्यांत सारजाबाईला कंदिलाच्या उजेडात सुईत दोरा ओवता यायला लागला.

कारभारींनी तेव्हा कपाळाला हात लावला. "एवढंच व्हतं? एवढ्याशा गोष्टीपायी बाई भाजली?"

हे वाक्य चतुराच्या मनात घर करून बसलं. परभणीला कृषी विद्यापीठात शिकायला गेल्यावर तिला कळलं की गाजराला जो रंग नारंगी करतो, त्याच्यापासूनच आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि त्याच्याच कमतरतेनं आईला रातांधळं झालं होतं. टोमॅटोत तो रंग थोडाच असतो, लालच जास्त. पण टोमॅटोचा एक रानटी भाऊबंद आहे, त्याच्यातला एक गुण उतरला की लाल रंगाचं नारंगीत रूपांतर होतं. गाजर आपल्याकडं चार महिने मिळतं, पपई प्रत्येकाच्या दारात नसते. टोमॅटो मात्र गरिबातल्या गरीब कालवणातही पडतो. तिला वाटलं, त्यातच घालता आलं तर?

वाटायला सोपं होतं. रानटी झाडाशी संकर केला की नारंगी रंगाबरोबर त्याचे सगळे दुर्गुणही यायचे. फळ बोराएवढं, साल पातळ, झाड वेलीसारखं सैरावैरा पसरणारं. दर पिढीत शेकडो रोपं लावायची, त्यातली बरी तेवढी ठेवायची, त्यांचं बी पुन्हा लावायचं. फळ मोठं मिळालं की रंग फिका. रंग भरला की फळ उकलायचं. तिच्याबरोबरच्या मैत्रिणी बँकेत, शिक्षण खात्यात लागल्या, कुणी पुण्याला गेल्या. लग्नाची दोन स्थळं तिनं स्वतःच मोडली. तिसरं तिच्या कामाचं ऐकून आपणच मागं हटलं.

आणि मग या हंगामात एक झाड असं निघालं, की चतुरा त्याच्यापुढं बराच वेळ नुसती उभी राहिली. आटोपशीर वाढ, जाड साल, मुठीएवढं फळ. पहिलं पिकलेलं फळ तिनं कापलं तर गर थेट हळदीकुंकवाच्या मधल्या रंगाचा. ते तिनं तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं. बीही त्याबरोबरच गेलं, पण झाडावर पुढचे घोस धरत होते, म्हणून ती निश्चिंत होती. बानाबाईनं त्या झाडाचं नाव नवरी ठेवलं. "हळद लागलीये न् तिला," ती म्हणाली.

ती नवरी आता रोगट ओळीपासून तिसऱ्या ओळीत उभी होती. तिच्यावर घोसानं फळं होती, सगळी हिरवी.

*

रामकिसन शेताचा व्यवस्थापक होता. वैजापूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो आला, त्यानं चपला बाहेर काढल्या, ओळीतून एक फेरी मारली आणि दाराशी येऊन थांबला.

"मॅडम, आज दिवस मावळायच्या आत हे सगळं उपटावं लागंल."

"सगळं?"

"सगळं. पलीकडच्या घरात फुलांचं क्रॉसिंग ऐन भरात आलंय. तिथं माशी शिरली तर हंगाम गेला. चाळीस बायांचं काम आहे तिथं."

चतुराला हे माहीत होतं. त्याच्या जागी ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. तरी तिच्या तोंडून निघालं, "एक झाड ठेवू द्या. वीस-पंचवीस दिवस. फळं पक्व झाली की मी स्वतः उपटते."

"रोगी झाड?"

"अजून लक्षण नाही त्याच्यावर."

रामकिसन नवरीपाशी गेला. वाकला. सगळ्यात वरच्या फांदीचं कोवळं पान त्यानं बोटावर घेतलं. पानाची कड किंचित वर उचलली होती. उन्हानंही तसं होतं. रोगानंही.

"हे काय मग?"

चतुरानं ते पान उलटून बघितलं.

"बियातून पुढं रोग गेला तर?"

"हा रोग बियातून जात नाही असं आम्ही शिकलो. बहुतेक जात नाही."

"बहुतेक," रामकिसन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तात्यासाहेबांना लावला. दोन मिनिटं 'हो', 'हो जी' केलं आणि फोन चतुराकडं दिला.

"चतुरा, मी शहरात कचेरीत अडकलोय," तात्यासाहेबांचा आवाज आला. "पाचला येतो. मी येईस्तोवर ते घर रिकामं दिसलं पाहिजे. मला वाईट वाटतंय, पण वाईट वाटून माशी मरत नाही."

फोन कट झाला.

उपटायला चौघी बाया आल्या. बानाबाईनं कुणालाच नवरीच्या ओळीकडं जाऊ दिलं नाही. "तिकडची ओळ माझी," एवढंच ती म्हणाली. एकेक रोप मुळासकट वर यायचं, गोणीत कोंबलं जायचं, गोणीचं तोंड लगेच बांधलं जायचं. हिरवी फळं मातीत गडगडत होती. चतुरा स्वतः उपटत होती. काही रोपांच्या खोडाला हात घालताना तिला त्यांचे आजे-पणजे आठवत होते. कुणाची साल फाटायची, कुणाला फळच धरायचं नाही. जुन्या पिढ्यांचं थोडं बी कपाटात होतं, पण त्यातून पुन्हा असं झाड निघायला किती वर्षं लागतील, आणि निघेल तरी का, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

दुपारपर्यंत घर उजाड झालं. फक्त नवरी उरली. बाया जेवायला गेल्या. बानाबाई मात्र कुदळ घेऊन आली.

"ताई, मेंढरांत एखादं आजारी पडलं की मुंजाबा त्याला कळपातून काढतो. मारत नाय. लांब नेऊन बांधतो." मुंजाबा तिचा नवरा, मेंढरं राखायचा. "हिला बी लांब न्या. तुमच्या गच्चीवर कुठं आलंय दुसऱ्याचं टमाट्याचं रान?"

चतुरानं मनातल्या मनात हिशोब केला. फळांनी लगडलेलं झाड मार्चच्या उन्हात उपटून दुसरीकडं लावलं तर शंभरातली नव्वद मरतात. पण इथं ठेवलं तर ते मरणारच होतं.

दोघींनी आधी झाडावर फवारा मारला. प्रत्येक पान उलटून बघितलं, माशी बोटानं चिरडली. शेंडा आणि वाळकी पानं छाटली. मग लांबून गोलाकार खणत मातीच्या मोठ्या गोळ्यासकट झाड उचललं, घमेल्यात बसवलं आणि त्याच्यावर पांढरं मलमलचं कापड घालून खालून सुतळीनं आवळलं. बानाबाईच्या भाच्याची रिक्षा फाटकाशी येणार होती.

घमेलं दोन बाजूंनी धरून त्या फाटकापर्यंत आल्या. तिथं रामकिसन उभा होता.

"काय आहे त्यात?"

बानाबाईनं पटकन सांगितलं, "खत हाय, रामकिसनभाऊ. ताईंच्या कुंड्यांना."

कापडातून एका फळाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. रामकिसन चतुराकडंच बघत होता. तिला कळलं, त्याला तिच्या तोंडूनही खोटंच ऐकायचं होतं. ते ऐकलं असतं तर त्याला बाजूला होता आलं असतं.

"झाड आहे," ती म्हणाली. "तेच. घरी नेते आहे."

रामकिसनचा चेहरा आक्रसला. "मॅडम, आता मी काय करू? तुमी सांगितलं नसतं तर..."

"सांगितलं नसतं आणि उद्या पलीकडं रोग निघाला असता, तर तुम्ही आयुष्यभर माझ्यावर विश्वास ठेवला नसता."

तेवढ्यात कच्च्या रस्त्यावर धूळ उडाली आणि तात्यासाहेबांची जीप पाच वाजायच्या कितीतरी आधी फाटकात शिरली.

तात्यासाहेब सत्तरीला आलेले, धोतर-कोटातले. वतनदार घराण्यातले, पण बियाण्याच्या धंद्यात शून्यापासून उभे राहिलेले. ते उतरले, घमेल्याकडं बघितलं, रामकिसनकडं बघितलं. सगळं त्यांना समजलं.

"हे झाड कुणाचं, चतुरा?"

"कंपनीचं, तात्या."

"मग कुणाला विचारून चाललीस?"

"तुम्हाला विचारणार होते. तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो, म्हणालो असतो!" त्यांचा आवाज चढला. जेवून परतणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. "ती जाळी तपासायचं काम कुणाचं होतं? तुझ्या कोपऱ्यातून ही पीडा आली. उद्या माझ्या तीन घरांत पसरली तर या बायांना मी काय सांगू? की एका नारंगी टमाट्यापायी तुमचा हंगाम गेला? बाजारात तो टमाटा कच्चा म्हणून कुणी उचलत नाही, मी स्वतः दाखवून बघितलाय आडत्यांना!"

चतुरा मागं सरकली नाही. "जाळीचं माझंच चुकलं. ते मी नाकारत नाही. बाकीची सगळी झाडं मी माझ्या हातानं उपटली. हे एक झाड शेतापासून लांब चाललंय. इथं राहिलं तर धोका, मारलं तर काहीच उरत नाही. नेलं तर धोका इथून जातो."

तात्यासाहेबांनी घमेल्याभोवती एक चक्कर मारली, कापडाची सुतळी ओढून बघितली.

"ने," ते शेवटी म्हणाले. "पण ऐकून ठेव. पलीकडच्या घरात एक जरी रोप वळलं, तर तुझा राजीनामा मला टेबलावर पाहिजे. मग झाड जगो नाहीतर मरो."

*

चतुरा तेव्हाच्या औरंगाबादेत, पदमपुऱ्यात भाड्यानं राहायची. गच्चीवर जिन्याच्या सावलीत तिनं मोठ्या ड्रममध्ये झाड बसवलं, भोवती काठ्या रोवून जाळी ताणली. दुसऱ्या दिवशी पानं लोंबली. तिसऱ्या दिवशी फुलं गळाली. मग एकेक करून फळंही गळू लागली.

तिला दिवसभर शेतावर जावं लागे, म्हणून तिनं आईला बोलावून घेतलं. सारजाबाई उन्हाच्या वेळी गच्चीवर ओलं गोणपाट घेऊन बसायची, झाडाभोवतीच्या जाळीला बाहेरून गुंडाळायची, वाळलं की पुन्हा भिजवायची. ती बोलायची फार कमी. एकदाच म्हणाली, "माझ्या पोटी जन्मून तू ह्याच्यासाठी एवढा जीव टाकतीस. लेकराला एवढं जपलं असतंस बघ."

"आई, आता ते नको."

"बरं. नाय बोलत." आणि तिनं गोणपाट पुन्हा भिजवलं.

शेतावर चतुरा रोज सकाळी आधी पलीकडच्या तीन घरांत जायची. बाया तिच्याकडं पाठ फिरवून फुलं उघडत राहायच्या. सखूबाई नावाची एक वयस्क बाई सरळ म्हणाली, "ताई, तुमच्यापायी आमचं काम बसलं तर आमच्या पोटाचं काय, हे ध्यानात असू द्या." चतुरा पुढच्या ओळीची पानं उलटत गेली. रात्री झोप नीट लागायची नाही. स्वप्नात पानं वळताना दिसायची.

दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या घरातून रामकिसननं हाक मारली.

कडेच्या ओळीत दोन रोपं वळली होती.

रामकिसननं तिथंच दोन्ही रोपं उपटली, आजूबाजूचीही उपटली. मग तो खाली बसून दाराची चौकट बघू लागला. दाराच्या खालच्या फटीत माती सरकून बोटभर जागा झाली होती, आणि ती फट टाकीच्याच बाजूला होती.

"ही माशी कधीची आत आलीय, मॅडम. तुमचं झाड नेण्याच्या आधीची. पान वळायला दिवस लागतात." तो उठला. "आणि ही फट बघायचं काम माझं होतं."

चतुरानं त्याच संध्याकाळी तात्यासाहेबांपुढं राजीनामा ठेवला. ठरलं होतं ते ठरलं होतं. तात्यासाहेबांनी तो उलटसुलट बघितला. रामकिसन दाराच्या आत उभा होता. त्यानं फटीची गोष्ट सांगून टाकली आणि म्हणाला, "घ्यायचाच असंल तर माझा बी घ्या, मालक."

तात्यासाहेब दोघांवर ओरडले. इतके, की बाहेरच्या शिपायानं दार लोटून घेतलं. मग त्यांनी कागद फाडला. पण एक गोष्ट पक्की सांगितली: कोपऱ्यातलं घर आता बंद. नारंगी टोमॅटो कंपनीच्या शेतात पुन्हा लागणार नाही. तिला करायचं असेल तर तिच्या बापाच्या रानात, तिच्या वेळात.

पुढच्या दिवसांत आणखी मोजकी रोपं गेली, पण हंगाम वाचला. आणि एप्रिलच्या सुरुवातीला गच्चीवरच्या झाडावर उरलेल्या तीन फळांपैकी दोनांना रंग चढला. तिसरं बुडाशी काळं पडून सडलं. झाड तोवर नुसतं काडी झालं होतं. चतुरानं फळं कापली, बी धुतलं, सावलीत वाळवलं. मग झाड उपटून जाळलं. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चतुराच्या आलं नाही. तिला भीती होती, उगवेल का याची.

पावसाळ्यानंतर देवगावला कारभारींच्या विहिरीशेजारी नवी जाळी उभी राहिली. बरंचसं बी उगवलं. कुठल्याच रोपाचा शेंडा वळला नाही. प्रयोगशाळेतून आलेला अहवालही चांगला होता. अ जीवनसत्त्व ज्याच्यापासून होतं तो रंग साध्या टोमॅटोच्या कितीतरी पट. दोन-तीन पिढ्यांनी वाण स्थिर झाला. आडत्यांनी तो तेव्हाही घेतला नाही. पण बानाबाईनं आपल्या वस्तीवर लावला, तिच्या शेजारणींनी लावला, आणि एका अंगणवाडीच्या बाईंनी रोपं मागून नेली.

एका हिवाळ्यात तात्यासाहेब स्वतः देवगावला आले. काठी टेकत वाफ्यात शिरले, एक नारंगी फळ तोडलं, धोतराला पुसून दातानं चावलं. चतुरा आणि कारभारी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"आहे," चतुरा म्हणाली. "आंबटपणा अजून सुटला नाही."

"पोरं खातील कशी?"

"त्यासाठीच तर हे." तिनं शेजारचा वाफा दाखवला. तिथं नारंगीशी संकर करायला लावलेला एक गोड जातीचा लाल टोमॅटो फुलावर आला होता. तात्यासाहेबांनी काठी कारभारींच्या हातात दिली, खाली बसले आणि त्या झाडाची पानं उलटून खालची बाजू बघू लागले.